यादी जानेवारीची, वर्ष कोणाचं?

पत्र, थोडक्यात : जळगाव जिल्ह्यातल्या तापीकाठच्या एका गावातून 37 वर्षांच्या एका वाचक भगिनीने लिहिलं आहे. तालुक्याच्या पतसंस्थेत त्या क्लार्क आहेत. यजमानांची केळी आणि थोडी कपाशी. मोठा मुलगा यंदा दहावीत, धाकटी सहावीत. एक जानेवारीला त्यांनी नव्या वहीत सात संकल्प लिहिले : मे महिन्यात जीडीसी अँड ए (सहकार आणि लेखाशास्त्राची शासकीय पदविका) परीक्षा द्यायची, वजन 74 वरून 64 किलोवर आणायचं, दरमहा 5000 रुपये बाजूला टाकायचे, स्कूटी शिकायची, महिन्याला दोन पुस्तकं वाचायची, मोबाइल दिवसाला एकच तास, आणि पहाटे पाचला उठायचं. जुलैच्या पहिल्या रविवारी त्यांनी वही उघडली. परीक्षेचा फॉर्म भरला होता, पण बसल्याच नाहीत. मार्चअखेरीत अभ्यास सुटला आणि मेमध्ये दिराचं लग्न निघालं. वजन दोन किलो उतरलं आणि पुन्हा चढलं. पैसे तीन महिने टाकले, पण जूनच्या वाऱ्यात केळी आडवी झाली तेव्हा ते काढावे लागले. पुस्तकं तीन झाली. मोबाइल आणि पहाट यांचं नाव काढू नका, असं त्या म्हणतात. "स्कूटी तेवढी आली." हल्ली सतत थकवा असतो. त्यातच वही जाऊबाईंच्या हाती लागली, आणि आता घरात 'वही' हा चेष्टेचा विषय झाला आहे. त्यांचा प्रश्न : "वही बंद करून पुढच्या जानेवारीत नव्याने सुरू करू, की उरलेल्या सहा महिन्यांत दुप्पट जोर लावून सगळं भरून काढू? मला कशातच चिकाटी नाही असं वाटायला लागलंय."

ताई,

दोन्ही नको. वही बंद करू नका आणि दुप्पट जोरही लावू नका. का, ते सविस्तर सांगते, कारण जुलै-ऑगस्टमध्ये अशी पत्रं बरीच येतात आणि बहुतेकांच्या वह्या तुमच्यासारख्याच असतात.

आधी तुमच्या पत्राबद्दलच. त्यात वजनाला जवळजवळ अख्खं पान आहे. परीक्षेला दोन ओळी, त्याही घाईने उरकलेल्या. आणि स्कूटीला तीन शब्द. पण मजकूर नीट वाचला तर कळतं, की तुम्ही आता रोज गाडीने तालुक्याला जाता, सकाळच्या एसटीसाठी फाट्यावर उभं राहणं संपलंय, सासूबाईंना डोळे दाखवायला तुम्हीच नेऊन आणलं, धाकटीची शिकवणी तुमच्यामुळे सुरू झाली. हे सगळं तुम्ही भलत्याच विषयाच्या ओघात लिहून गेलात. जे जमलं ते जमल्या क्षणी साधं वाटायला लागतं आणि जे राहिलं ते रोज मोठं होत जातं. माणसाचा हिशेब असाच असतो, पण तुम्ही तर हिशेबाच्या धंद्यातल्या! जमेची बाजू न लिहिता ताळेबंद मांडला तर तुमचा लेखापरीक्षक काय म्हणेल?

(जाता जाता : पक्कं लायसन्स काढलंत ना? शिकाऊ लायसन्स सहा महिनेच चालतं, आणि ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्यासाठी चाचणी देता येते. जानेवारीत शिकाऊ काढलं असेल तर मुदत आत्ताच संपत आली असेल. या यादीतलं खरोखर तातडीचं काम बहुधा हेच.)

आता चिकाटी. पत्र वाचताना मला खटकली ती तारीख. पतसंस्थेत काम करणाऱ्या बाईने एक जानेवारीला सात संकल्प करावेत! जानेवारी ते मार्च तुमच्याकडे काय चालतं हे मी तुम्हाला सांगायला नको. वसुलीच्या याद्या, थकबाकीदारांच्या दारी फेऱ्या, जामीनदारांचे फोन, मार्चअखेर रात्री आठ-आठपर्यंत काउंटर. एप्रिल उजाडला की घरात कुरडया, पापड, बिबडे. मग आखाजी (अक्षय तृतीया), म्हणजे माहेर. मग लग्नसराई, तीही जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या वर जातो त्या दिवसांत. जूनमध्ये पेरणी, आणि वाऱ्याने आडवी झालेली केळी. तुमच्या आयुष्यात वर्षाचा पहिला अर्धा भाग हाच सगळ्यात जड असतो, दरवर्षी असतो, आणि नेमक्या त्याच अर्ध्यात तुम्ही सात कामं नव्याने घातलीत. चिकाटी कमी पडली असं मला तरी यात दिसत नाही. मला फक्त कॅलेंडर न बघता केलेली यादी दिसते.

तुमच्या आजूबाजूला किती वर्षं एकाच वेळी चालू आहेत पाहा. पतसंस्थेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. सालदार, म्हणजे वर्षभराच्या बोलीवरचा शेतगडी, आखाजीला ठरतो. मुलांचं वर्ष जूनमध्ये. व्यापाऱ्याची नवी चोपडी दिवाळीला. यजमानांच्या केळीची तर लागवडच दोनदा : जून-जुलैची मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची कांदेबाग. या घरात कोणाचंच वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, एक भिंतीवरचं कॅलेंडर सोडलं तर. मग तुमच्या संकल्पांनीच तेवढं का व्हावं?

नव्या तारखेला नवा उत्साह येतो हे खरं आहे. हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस या अभ्यासकांनी 2014 मध्ये त्यावर निबंधही लिहिला. पण त्यांना दिसलं ते असं, की हा उत्साह फक्त नवीन वर्षाला येत नाही. आठवड्याच्या सुरुवातीला, महिन्याच्या एक तारखेला, वाढदिवसानंतर, शाळा-कॉलेजची सहामाही सुरू होतानाही लोक कामाला लागतात. म्हणजे पुढच्या जानेवारीची वाट पाहण्यात फायदा काहीच नाही. उलट तोटाच, कारण तो पुन्हा मार्चअखेरीच्या तोंडावर येणार.

आता दुप्पट जोराचं गणित करू. "उरलेले सहा महिने" असं तुम्ही लिहिलंय. कागद घ्या आणि त्यातून खोडत चला. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आपल्या खानदेशातला कानबाई देवीचा सण : सगळी भाऊबंदकी जमणार, रोट, पुरणपोळी, गंगाफळाची भाजी, आणि थोरली सून म्हणून दळणापासून सगळं तुमच्यावर. राखी, पोळा, गौरी-गणपती, पित्रं, नवरात्र. दिवाळीआधीची साफसफाई, फराळ, भाऊबीज. मध्येच कापूस वेचणी, मजूर मिळाले तर मिळाले. मुलाची दहावी आहे, म्हणजे शाळेत जाणं-येणं वाढणार. खोडून झाल्यावर तुमच्या हाती स्वतःचे म्हणावे असे जेमतेम तीन-साडेतीन महिने राहतात. त्यात बारा महिन्यांचं सगळं बसवायला गेलात तर पोळ्यापर्यंतच दमाल, आणि मग 'चिकाटी नाही' याला आणखी एक पुरावा मिळेल. मागे राहिलेलं भरून काढायचंच कशाला? ते तुम्ही कोणाचं देणं लागत नाही.

मग करायचं काय? तुमच्या यजमानांनी जूनमध्ये कपाशी लावली. आठ-दहा दिवसांनी ते ओळीतून चालत गेले असतील, जिथे बी उगवलं नाही तिथे नांग्या भरल्या असतील. पाच-पन्नास नांग्या दिसल्या म्हणून कोणी अख्खं वावर मोडत नाही. आणि पाऊस ओढला, सगळंच गेलं, जुलै अर्धा उलटला, तर शहाणा शेतकरी हट्टाने पुन्हा कपाशी लावत नाही. तूर, बाजरी, जे आता येईल ते पेरतो. वहीकडे तशाच नजरेने बघा. कुठे नुसती नांगी भरायची, कुठे पीक बदलायचं, आणि कुठे यंदा जमीन पडीक ठेवायची, एवढंच ठरवायचं आहे.

हे ठरवताना 'किती टक्के झालं' हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याने फक्त अपराधी वाटतं. प्रत्येक ओळीपुढे मी वेगळं विचारलं असतं : हे मला आजही हवंय का? मी ते कोणासाठी लिहिलं होतं? जमलं नाही ते मला नको होतं म्हणून, की परिस्थिती आड आली म्हणून? आणि या कामाचा स्वतःचा हंगाम कोणता? ज्यांची वही वेगळी आहे त्यांनीही हेच विचारावं. शिक्षकाने आढावा मे महिन्यात घ्यावा, दुकानदाराने दिवाळी उलटल्यावर, शेतकऱ्याने आखाजीला. वर्षातून दोनदा, एखाद्या निवांत संध्याकाळी, घरचे आसपास नसताना. फार वेळा वही उघडली तर काम कमी आणि आढावाच जास्त होतो.

तर तुमची वही. पहाटे पाच आणि मोबाइलचा एक तास या दोन ओळी मी सरळ खोडल्या असत्या. पाचला उठून करायचं काय होतं, हे वहीत नाही, पत्रातही नाही. उठणं हे काही काम नव्हे. रात्री साडेदहाला भांडी आवरून झोपणारी बाई पाचला उठली तर फक्त झोप कमी होते. मोबाइलचंही तसंच : पतसंस्थेचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, हे सगळं त्यात आहे, एक तास पुरणार कसा? पुस्तकांच्या ओळीतला 'महिन्याला दोन' हा आकडा काढून टाका, पुस्तकं राहू द्या. तीन वाचलीत, छान झालं.

खोडताना हात अडखळेल. सोडून देणं म्हणजे हरणं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. कॅनडातल्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कार्स्टन व्रोश आणि त्यांचे सहकारी यांनी 2003 मध्ये नेमका हाच विषय तपासला. जी उद्दिष्टं आता हाती लागणार नाहीत ती जे लोक सोडू शकतात आणि दुसऱ्या अर्थपूर्ण कामाला लागतात, त्यांची मनःस्थिती हटून बसणाऱ्यांपेक्षा चांगली असते, असं त्यांना आढळलं. दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत : नुसतं सोडायचं नाही, हात दुसरीकडे गुंतवायचा.

पैशांबद्दल मात्र माझं तुमच्याशी भांडण आहे. तुम्ही लिहिता, "बचत मोडली." तीन महिन्यांत 15000 जमले. जूनच्या वाऱ्याने केळी आडवी केली, झाडं बाहेर काढायला मजूर लावावे लागले, ते पैसे तिथे गेले. मग बचत असते कशासाठी? त्या 15000 मुळे तुम्हाला कोणाकडे हात पसरावा लागला नाही, सोनं ठेवावं लागलं नाही. बचतीने आपलं काम चोख केलं आणि तुम्ही तिला नापास केलंत.

आता दुरुस्ती एवढीच. शेतीचा धक्का सोसायची रक्कम आणि तुमची स्वतःची रक्कम एकाच खात्यात ठेवू नका. तुमच्या नावाची आवर्ती ठेव 2000 ची सुरू करा, पगाराच्या दिवशीच कापली जाईल अशी. तिला वाऱ्या-पावसात हात लावायचा नाही, हे यजमानांशी आधीच बोलून ठेवा. शेतीची गंगाजळी वेगळी, आणि ती दरमहा भरायचा हट्ट नको. केळी कटाईला आली, कापूस गेला, की त्यातून एकरकमी टाका. तुमच्या काउंटरवर शेतकरी ठेवीदार असेच येतात ना? पगारदाराचा नियम शेतकऱ्याच्या घराला लावला की तो असा मध्येच तुटतो.

वजनाचं पान मी नीट वाचलं. लग्नातले फोटो, जाऊबाईंचं बोलणं, जुना ब्लाउज. त्यात गुडघ्यांचा, दमण्याचा, तब्येतीचा उल्लेख कुठेच नाही. म्हणून विचारते : 64 हा आकडा आला कुठून? लग्नाच्या वेळी तेवढं वजन होतं म्हणून? तसं असेल तर तो आकडा तुमच्या आजच्या शरीराचा नाही. वजन जास्त असलेल्या माणसाने मूळ वजनाच्या पाच टक्के जरी उतरवलं तरी रक्तदाब, साखर यांवर चांगला परिणाम दिसू लागतो, असं डॉक्टर सांगतात. तुमच्या बाबतीत ते चार किलोही भरत नाही. आणि त्याआधी, याच आठवड्यात, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. सततचा थकवा आणि उतरून पुन्हा चढणारं वजन यांमागे कधी कधी वेगळंच कारण निघतं, आणि बाया मात्र वर्षानुवर्षं स्वतःलाच आळशी म्हणत बसतात.

चालणं तुम्ही फेब्रुवारीत सुरू केलंत आणि एप्रिलमध्ये उन्हाने थांबवलंत. त्यात विशेष काही नाही, मे महिन्यात सकाळी आठलाच अंग भाजतं. शिवाय रस्त्यावर दर दहा पावलांवर "कथा चालनी, ताई?" (कुठे चाललीस?) विचारणारे. आपल्याकडे चालण्याचं वर्ष कोजागरीला सुरू होतं आणि होळीपर्यंत उत्तम चालतं. तोवर पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात कशाला जायचं? संध्याकाळी गच्चीवर वीस मिनिटं पुरे. एखादा दिवस चुकला तर चुकला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयी तपासल्या होत्या. एखादी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कोणाला 18 दिवस पुरणार होते तर कोणाला 254 लागणार होते. आणि मध्ये एखादा दिवस सुटला तर फारसं काही बिघडत नव्हतं. तेव्हा गणपतीत पाच दिवस गच्ची बघितली नाही म्हणून सगळं मुसळ केरात गेलं, असं मानू नका.

जाऊबाईंचं काय करायचं? माझ्या मते काहीच नाही. चेष्टा ज्याची चालली आहे ती वही सात ओळींची आहे. परीक्षा, पैसे आणि चालणं, अशी तीन ओळींची वही कपाटात ठेवा. संकल्प घरभर सांगितले की काम न करताच थोडंसं केल्यासारखं वाटतं, आणि चुकलं की वर हसं होतं. ज्यांच्या मदतीशिवाय तो संकल्प चालणारच नाही त्यांनाच सांगायचा.

आता तुम्ही दोन ओळींत उरकलेली परीक्षा. माझ्या मते वहीतली सगळ्यात खरी ओळ हीच, आणि म्हणूनच तिच्यावर तुम्ही सगळ्यात कमी लिहिलंत. वजन सगळे लिहितात, पुस्तकं सगळे लिहितात. सहकार आणि लेखाशास्त्राच्या शासकीय पदविकेची परीक्षा मात्र कोणी उगाच लिहीत नाही. दहा वर्षं काउंटरवर बसून संस्थेचं काम आतून ओळखणाऱ्या बाईला पुढे लेखापरीक्षणाकडे जायचं आहे, हे त्या ओळीत मला दिसतं. चूक असेल तर कळवा.

ही परीक्षा वर्षातून एकदा, मे महिन्यात होते. म्हणजे ती डिसेंबरपर्यंत 'पूर्ण' होण्याचा प्रश्नच नाही. जानेवारी-डिसेंबरच्या वहीत ती कायम अपुरीच दिसणार, तुम्ही कितीही अभ्यास करा. तिचं वर्ष जून ते मे असं धरा, आणि मग बघा : तुम्ही सहा महिने मागे पडलेल्या नाही आहात. तुम्ही जुलैमध्ये आहात आणि हाती दहा महिने आहेत. गेल्या खेपेला फॉर्म भरल्यावर अभ्यासाला लागलात, म्हणजे नेमक्या वसुलीच्या दिवसांत. या खेपेला उलट करा. अवघड ते दिवाळीच्या आत.

सहा पेपर आहेत. लेखाशास्त्र तुम्ही रोज जगता, त्याला सरावच लागेल. अडणार तो कायदा : 1960 चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, कलमं, नियम, उपविधी. तो आत्ता धरा, गणपतीपर्यंत. रोज दोन कलमं वाचायची आणि आपल्या संस्थेत ते कलम कुठे लागतं ते शेजारी लिहायचं; सभेची नोटीस, कर्जवसुलीचा दाखला, संचालकांची निवडणूक, सगळी उदाहरणं तुमच्या टेबलावरच पडलेली आहेत. लेखापरीक्षण दसऱ्यापर्यंत. संस्थेत ऑडिटर येतील तेव्हा त्यांना चहा देऊन बाजूला होऊ नका, ते काय मागतात आणि का मागतात ते विचारा. सहकाराचा इतिहास आणि उरलेले पेपर नोव्हेंबर-डिसेंबरला. जानेवारी ते मार्च फक्त रविवारी उजळणी, त्याहून जास्त स्वतःकडून मागू नका. एप्रिलमध्ये जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, हाताने लिहून. मेच्या शेवटच्या आठवड्यांत कोणाचं लग्न निघालं तर दोन दिवस हजेरी लावायची आणि परत यायचं, हे घरात दिवाळीलाच सांगून ठेवा. तेव्हा सगळे एकत्र असतात आणि मे अजून लांब असतो, म्हणून कोणी नाही म्हणत नाही.

वेळ कुठला? रात्री साडेआठ ते साडेनऊ. त्या तासाचा स्वयंपाकघराशी संबंध नाही, हे यजमानांकडून कबूल करून घ्या. भाकरी टोपलीत असतील, वाढून घेता येतं. मुलाची दहावी आहेच, त्याच्या समोरच्या खुर्चीत बसा. त्याचं भूमिती, तुमचं सहकार. फक्त त्याला आधी विचारा. आई समोर बसली की मोबाइल बघता येत नाही, तेव्हा पहिल्यांदा तो नाहीच म्हणेल.